पहिला लघुपट: मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिकलेली रीत

मी पुण्यात चित्रपटाचं शिक्षण घेते. सुट्टीला सांगलीत, गावभागातल्या घरी आले की कुणी ना कुणी विचारायला येतंच. "ताई, शॉर्टफिल्म करायचीय. कॅमेरा कुठला घेऊ?" प्रत्येकाशी बोलताना मी त्याच चार गोष्टी सांगते, म्हणून यंदा त्या नीट लिहून काढल्या. हातात फोन आहे, सोबत एखादा मित्र किंवा मैत्रीण आहे आणि महिनाभराच्या सुट्ट्या नि रविवार आहेत, एवढं धरून चालते. करायचा आहे चार मिनिटांचा लघुपट. त्यात संवाद नाहीत, नट नाहीत. एक माणूस एक काम करतो आहे, एवढंच.

हे कुणाला फार लहान वाटेल. पण दादासाहेब फाळके १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा पैसे लावायला कुणी पुढे येईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करून वाटाण्याला अंकुर फुटताना, वेल वाढताना दाखवला. ते पाहून पैसे उभे राहिले आणि १९१३ मध्ये त्यांचा पहिला कथापट लोकांसमोर आला. मला त्या वाटाण्याबद्दल फार आदर वाटतो. महिन्याचं काम मिनिटात बसवता येतं, कॅमेरा जागचा हलला नाही तर बदल ठळक दिसतो आणि त्यासाठी रोज त्याच जागी येऊन बसावं लागतं, हे सगळं त्यात आहे.

काम निवडणं

असं काम शोधा की ज्यात काहीतरी बदलतं आणि तो बदल डोळ्यांना किंवा कानांना कळतो. घरात भडंग परतताना चुरमुऱ्यांचा आवाज कसा बदलत जातो ते कधी ऐकलंय? आधी मऊ, मग खरखरीत, शेवटी सळसळता. तेवढ्यावरही चार मिनिटांचा लघुपट होतो आणि त्यासाठी आईशिवाय कुणाची परवानगी लागत नाही. मार्केट यार्डातला हळदीचा सौदा मात्र पहिल्या खेपेला घेऊ नका. दिसायला सुंदर, पण गर्दी, धूळ आणि दहा जण एकाच वेळी बोलतायत. तिथे तुम्ही काय टिपताय हे तुम्हालाच कळणार नाही.

मी मिरजेची सतारमेकर गल्ली निवडली. सांगलीहून सिटी बसने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगार घराण्यांनी, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ते काम त्याच गल्लीत चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी गेले ती मानांकनासाठी नाही, जवारीसाठी.

जवारी म्हणजे काय, हे मला तेव्हा पुस्तकी माहीत होतं. तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे भोपळ्याच्या भागावरच्या छोट्या पट्टीवरून, जाते. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच घासत थरथरते आणि म्हणून तंबोरा नुसता 'टण' असा वाजत नाही, त्याचा स्वर उमलत जातो. तो उतार, तीच जवारी. तो कानसीने घासून आणायचा, तोही कानाने ऐकून. तार बाजूला सारायची, कानसीचे दोन-चार हात मारायचे, तार परत बसवायची, छेडायची, ऐकायचं. पुन्हा तार बाजूला. हे किती वेळा होईल ते आधी सांगता येत नाही. बंद आवाज हळूहळू खुला होतो. माझ्या लघुपटाला आरंभ, मध्य आणि शेवट त्या कामानेच दिला. मला गोष्ट शोधावी लागली नाही.

तुमच्या कामालाही अशी एक खूण लागेल, जिथे काम करणारा माणूस थांबतो आणि म्हणतो, 'झालं.' ती खूण कुठली, हे एका वाक्यात लिहिता येईपर्यंत पुढची पायरी चढू नका.

फोन खिशात ठेवून जाणं

पहिल्या दोन भेटींत काहीही चित्रित करायचं नाही. मी पहिल्याच दिवशी फोन काढला होता. ज्यांच्याकडे गेले होते ते चाचा साठी ओलांडलेले. ते काम थांबवून ताठ बसले आणि फोनकडे बघायला लागले. मग म्हणाले, "ते ठेव की बेटा खाली. आधी चहा घे. तुला ऐकू काय येतंय ते सांग." त्यांनी एक तंबोरा छेडला, मग दुसरा. मला दोन्ही सारखेच वाटले. तसं मी सांगितलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत, पुन्हा छेडत राहिले. चौथ्या-पाचव्या वेळी मला फरक ऐकू आला. तो ऐकू आला नसता तर मी नुसते हात चित्रित करून आले असते.

या भेटींत वहीत तीन गोष्टी टिपा. कामाचा क्रम: कुठल्या कृतीनंतर कुठली. दुसरं, उजेड: खिडकी कुठे आहे, ऊन किती वाजता आत येतं आणि किती वाजता सरकतं. तिसरं, आवाज: पंखा, शेजारचं यंत्र, रस्त्यावरचे हॉर्न, शाळा सुटण्याची वेळ. कामाचे आणि सुट्टीचे दिवसही विचारून घ्या. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा चित्रीकरण धरायचं नाही.

परवानगी स्पष्ट शब्दांत मागा: कशासाठी करतोय, कुठे दाखवणार, पैसे मिळणार आहेत का. विद्यार्थ्याचं काम असेल तर तसं सांगा. त्यांचं 'हो' फोनवर त्यांच्याच तोंडून घेऊन ठेवा, त्यात तारीखही येऊ द्या. कारागिराने एखादी गोष्ट दाखवू नको म्हटलं तर दाखवायची नाही. ते त्यांच्या पोटापाण्याचं काम आहे, तुमच्या आवडीच्या दृश्यासाठी मांडलेलं नाही.

कागदावर चित्रपट

आता क्रमाने शॉट लिहा. चार मिनिटांना तीस-चाळीस शॉट पुरतात. प्रत्येक कृती तीन अंतरांवरून घ्या: खोलीसकट माणूस, कमरेपासून वर, आणि नुसते हात किंवा वस्तू. त्यात चौथा प्रकार मी आवर्जून घालते, तो म्हणजे काम न करणारा चेहरा. ऐकणारा, विचार करणारा, थांबलेला. नवशिके हातांच्या मागे लागतात आणि घरी येऊन बघतात तर चेहरा एकदाही नाही.

काम करणारा माणूस आणि वस्तू यांच्यामधून एक अदृश्य रेषा धरा आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्या. रेषा ओलांडलीत तर एका शॉटमध्ये चाचा उजवीकडे बघतायत आणि पुढच्यात डावीकडे, असं होतं नि प्रेक्षक क्षणभर गोंधळतो. खोली लहान असेल तर खडूने जमिनीवर खूण करून ठेवा.

उजेड आणि फोनची तयारी

फोनची लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. हे रोज करावं लागतं आणि रोज विसरलं जातं.

फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात सेटिंग हातात राहत नाहीत, म्हणून ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं फुकट मिळणारं अ‍ॅप घ्या. तुमच्या फोनवर ते चालत नसेल, तर ज्यात शटर (एका चित्राला किती वेळ उजेड मिळतो ते) आणि फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रं) स्वतः ठरवता येतो असं दुसरं कुठलंही चालेल. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. कारण सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण फोन बहुधा ३० फ्रेम आणि १/६० वर असतो, तो त्या लयीत बसत नाही आणि चित्रावरून काळपट पट्टे सरकत जातात. माझं पहिलं अख्खं दुपारचं चित्रण असं वाया गेलं. १/५० किंवा १/१०० वर पट्टे येत नाहीत.

मग एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही कुलूपबंद करा. नाहीतर पांढऱ्या सदऱ्याचं कुणी मागून गेलं की फोन अख्खी खोली काळी करतो. झूम बोटांनी करू नका, पायांनी पुढे जा. फोन हातात धरू नका. तिवई नसेल तर तांदळाची अर्धी भरलेली पिशवी उत्तम, तिच्यात फोन रुततो आणि हलत नाही.

उजेडासाठी दिवे विकत घेण्याची गरज नाही. माणसाला खिडकी बाजूला येईल असं बसवा. माणसाच्या मागे खिडकी आली तर चेहरा काळा, तुमच्या मागे आली तर चेहरा सपाट. बाजूने आलेल्या उजेडात तंबोऱ्याच्या भोपळ्याची गोलाई आणि बोटांवरच्या रेषा उठून दिसतात. सावली फार गडद वाटली तर दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा तुकडा धरा. मग ट्यूबलाइट बंद. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळट उजेड एकत्र आले की कातडीचा रंग आजारी दिसतो.

बाहेरचं दृश्य हवं असेल तर वेळ आधी ठरवा. सांगलीच्या घाटावरून नदीकडे पाहिलं की समोर, पश्चिमेला, सांगलीवाडीचा काठ. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल उजळून निघतो. संध्याकाळी सूर्य पलीकडे उतरतो, तेव्हा पुलाची आणि माणसांची काळी आकृती मिळते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या. त्यानंतरचा तासभर धरा. जुलै-ऑगस्टात घाटाच्या भरवशावर राहू नका. आयर्विनजवळची इशारा पातळी ४० फुटांची आहे, पण घाट त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. ज्या पायरीवर एक शॉट घेतलात ती आठवड्याने दिसेलच असं नाही.

आवाज

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. लघुपट पाहणारा अंधुक चित्र सहन करतो, पण घाणेरडा आवाज मिनिटभरही सहन करत नाही. मी शिकले ती सगळ्यात मोठी गोष्ट याच कामात शिकले.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी मी तंबोऱ्याचा आवाज दुसऱ्या फोनवर, नेहमीच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये घेतला. घरी येऊन हेडफोन लावले तर तार छेडल्यावर पहिला ठोका स्पष्ट आणि मागचा सगळा झंकार पाणचट, तुटक, मध्येच गायब. मला वाटलं फोन बिघडला. तो बिघडला नव्हता, त्याला सांगितलेलं काम करत होता. फोनचा रेकॉर्डर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. सलग एकसारखा येणारा आवाज त्याला गोंगाट वाटतो, पंखा किंवा मोटारीसारखा, आणि तो कापायला बघतो. तंबोऱ्याचा स्वर सलगच असतो. शिवाय फोन आपोआप आवाजाची पातळी वर-खाली करतो. झंकार विरत जातो तसा फोन तो वर खेचतो आणि विरणं ऐकूच येत नाही. जवारीत ऐकायचं असतं ते नेमकं ते विरणं.

उपाय सोपा आहे. ज्यात गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता येते आणि पातळी हाताने ठरवता येते असं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या. फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा लाल रेषेच्या बराच खाली राहील इतकी पातळी ठेवा आणि मग तिला हात लावू नका. फोन वाद्यापासून हातभर अंतरावर, पण तारांच्या अगदी समोर नाही, किंचित बाजूला. त्याच्याखाली घडी घातलेला टॉवेल, म्हणजे जमिनीचे हादरे येत नाहीत. दोन्ही फोन विमान मोडवर.

प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की दोन्ही एकत्र बसतात. आणि निघण्यापूर्वी सगळ्यांना हात जोडून विनंती करा की मिनिटभर कुणी हलू नका, बोलू नका, आणि त्या खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. आमच्या खोलीत लांबून येणारा रेल्वेचा भोंगा होता, पत्र्यावर कबुतरं होती. संकलन करताना दोन तुकड्यांच्या मधली फट याच शांततेने भरायची असते. कोरी शांतता टाकली तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर बंद पडला.

पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात मिरजेत हे सोपं नाही, म्हणून सकाळी आठ ते साडेदहा एवढंच काम करा आणि दर वीस मिनिटांनी पंखा लावून थांबा. फोनही तापतो, त्यालाही विश्रांती लागते.

चित्रीकरणाचा दिवस

शॉट सुरू करा, मनात पाच मोजा, मग कृती होऊ द्या, संपल्यावर पुन्हा पाच मोजा. संकलनाला ही मोकळी टोकं लागतात. 'पुन्हा एकदा करा' असं शक्यतो म्हणू नका. जवारी एकदा घासली की पुन्हा आधीसारखी होत नाही. हे काम अनेकदा आवर्तनात होतं, पुढच्या आवर्तनात दुसऱ्या कोनातून घ्या.

चार मिनिटांसाठी तास-दीड तासाचं चित्रण पुरेसं. ते फोननुसार मिनिटाला साधारण ६० ते १५० एमबी जागा खातं, म्हणजे १५ जीबी तरी मोकळी ठेवा. त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि दोन्ही ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय फोनमधलं पुसू नका.

नट लागलेच तर

पुढच्या लघुपटात संवाद येतील. सांगलीत नट मिळायला अडचण नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथेच सीतास्वयंवराचा खेळ केला आणि नाटकाचं वेड तेव्हापासून गावात आहे. रंगभूमीवरचे हे कलाकार मनापासून काम करतात, पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय असते. त्यांना 'कमी करा' म्हणू नका, त्याने ते आखडतात. समोरच्या माणसाला हातभर अंतरावर बसवा आणि सांगा, शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. आवाज आपोआप उतरतो, डोळे बोलायला लागतात.

संकलन

संगणक बरा असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, नाहीतर फोनवरचं कुठलंही साधं संकलन अ‍ॅप चालेल. आधी सगळं पाहा आणि प्रत्येक शॉटला मराठीत नाव द्या: 'कानस जवळून', 'चाचा ऐकतात २'.

मग एक प्रयोग करा. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आधी सूपच्या वाडग्याला, मग शवपेटीला जोडून दाखवला. लोकांना चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. तुमच्याकडचा ऐकणारा चेहरा घ्या. त्याच्या आधी घासलेली घोडी ठेवून बघा, मग त्याच चेहऱ्याआधी भिंतीवर टांगलेले जुने तंबोरे ठेवा. पहिल्यात कारागीर पारख करतोय, दुसऱ्यात त्याला काहीतरी आठवतंय. चेहरा तोच. हे स्वतःच्या हाताने करून पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही.

जोडताना कृतीच्या मध्येच कापा. हात कानसीकडे निघाला की लांबचा शॉट सोडा आणि कानस उचलताना जवळचा घ्या. जोड दिसत नाही. घासण्याचा आवाज चित्राच्या सेकंदभर आधी सुरू करून बघा, प्रेक्षक पुढच्या शॉटमध्ये स्वतःहून जातो. पहिला खर्डा झाल्यावर एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा कामाचा क्रम कळला पाहिजे.

पार्श्वसंगीत घालू नका. घालायचंच असेल तर दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण उचलू नका. राग सगळ्यांचा असतो, पण एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण नसतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. श्रेयनामावलीसाठी मुक्तासारखा मोकळा देवनागरी टंक घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. काही सॉफ्टवेअर 'र्‍या' आणि 'क्ष' मोडून ठेवतात, आणि कारागिराचं नाव चुकीचं छापलेलं त्याच्या घरच्यांना दाखवण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

पहिला प्रेक्षक

लघुपट सगळ्यात आधी ज्याचं काम दाखवलंय त्याला दाखवा, तेही तो अजून बदलता येतोय तेव्हा. मी लॅपटॉप घेऊन गल्लीत गेले. चाचांनी चष्मा लावला, त्यांचे दोन नातू शेजारी बसले. चार मिनिटं कुणी बोललं नाही. संपल्यावर चाचा म्हणाले, "शेवटचं परत लाव." लावलं. त्यांनी चष्मा काढला आणि फक्त ऐकलं. "चित्र कामानंतरचं आहे," ते म्हणाले, "आवाज आधीचा आहे. ही जवारी अजून बंद आहे."

त्यांचं खरं होतं. शेवटच्या शॉटमध्ये बाहेर रिक्षा गेली होती, म्हणून मी दुसऱ्या एका टेकचा, म्हणजे वेगळ्या वेळी घेतलेल्या चित्रणाचा, स्वच्छ आवाज तिथे बसवला होता. तो टेक दोन तास आधीचा होता. चित्रपटाच्या शाळेत कुणाला तो फरक कळला नसता. मी घरी येऊन सगळ्या फाइली पुन्हा ऐकल्या. काम संपल्यानंतर त्यांनी सहज एकदा तंबोरा छेडला होता, तेव्हा कॅमेरा बंद होता पण दुसरा फोन टॉवेलवर चालूच राहिला होता. अकरा सेकंद. चित्र नसल्यामुळे मी ते काळ्या पडद्यावर ठेवले.